मूळ गाण्याला मागे टाकणारी कव्हर गाणी: हे कशामुळे घडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: काही गाणी मूळ गायकाच्या आवाजात फारशी कोणाला ठाऊक नसतात, पण दुसऱ्या कोणी पुन्हा गायली (यालाच कव्हर म्हणतात) की सर्वतोमुखी होतात, अशा वेळी मूळ ध्वनिमुद्रणात काही उणीव असते, नंतर गाणारा अधिक चांगला गातो, की सगळा योगायोगाचा आणि जाहिरातीचा खेळ असतो? प्रश्नकर्त्याला स्वतःलाही एक जुने गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करायचे आहे, म्हणून उदाहरणांसोबत काही व्यावहारिक सूचनाही हव्या आहेत.

मी सुमारे तीस वर्षे संगीत संयोजनाचे काम करतो आहे आणि त्यातला बराचसा काळ आधी कोणीतरी गाऊन ठेवलेली गाणी पुन्हा बांधण्यात गेला आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. चाल आणि शब्द मिळून गाण्याची रचना होते. पहिले ध्वनिमुद्रण ही त्या रचनेची पहिली मांडणी असते, आणि पहिली मांडणी करणाऱ्याला त्या रचनेत काय काय दडले आहे हे सगळे दिसलेले असतेच असे नाही. पुढे गेलेली बहुतेक कव्हर गाणी मुळापेक्षा अधिक सुरेल नाहीत. त्यांच्यात गाणे कोण कोणाला म्हणत आहे हे बदललेले आहे, आणि त्या बदलाला शोभेल असा ठेका, पट्टी आणि वाद्यमेळ नव्याने बसवलेला आहे. हे सगळ्याच उदाहरणांना लागू पडत नाही, आणि जिथे लागू पडत नाही तिथली कारणे फारशी सुखद नाहीत. त्यांच्याकडेही पुढे येईन.

सर्वांत स्वच्छ उदाहरण ‘रिस्पेक्ट’चे. ओटिस रेडिंग यांनी हे गाणे स्वतः लिहून 1965 मध्ये गायले. त्यात दमून घरी आलेला पुरुष बोलतो: मी कमावून आणतो, तेव्हा घरी आल्यावर मला मान हवा. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या सर्वसाधारण यादीत ते 35 व्या क्रमांकापर्यंत गेले, म्हणजे पडलेले गाणे मुळीच नव्हते. 14 फेब्रुवारी 1967 रोजी न्यूयॉर्कमध्ये अरीथा फ्रँकलिन यांनी ते ध्वनिमुद्रित केले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. आता स्त्री बोलते आहे, एवढ्याने अर्थ बदलला हे खरे, पण तेवढ्यावर गाणे उभे राहिले नसते. दोन्ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकली तर काम कुठे झाले आहे ते कळते. रेडिंग यांच्या गाण्यात त्यांच्या आवाजाला उत्तर देण्याचे काम ब्रासची, म्हणजे पितळी फुंकवाद्ये करतात. फ्रँकलिन यांच्या गाण्यात ते काम प्रामुख्याने त्यांच्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा यांचे आवाज करतात. एकट्या बाईच्या तक्रारीऐवजी तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या बायकांचा ठाम आग्रह ऐकू येतो. शीर्षकाच्या शब्दाची अक्षरे एकेक करून म्हणण्याची जागा, जी आज कोणालाही सर्वांत आधी आठवते, मूळ गाण्यात नाहीच. मुळात मधला भागही नाही, कडव्यांचीच आवर्तने आहेत. नव्या मांडणीत किंग कर्टिस यांच्या सॅक्सोफोनसाठी त्या काळच्या एका दुसऱ्या गाण्यातली स्वरसंगती (कॉर्ड) उचलून मध्ये बसवली, आणि त्या काही मात्रांपुरते गाणे स्वतःची पट्टी सोडून भलत्याच ठिकाणी जाऊन येते. परत आल्यावर अक्षरांची जागा येते, आणि तिच्याआधी कान एकदा धुऊन निघालेला असल्यामुळे ती दुप्पट जोराने आदळते. संयोजनाचा धडा म्हणून मी नवशिक्यांना अजूनही हीच जागा ऐकवतो.

मूळ गायकाला हे कसे वाटते? जून 1967 मध्येच माँटेरेच्या संगीत महोत्सवात रेडिंग यांनी हे गाणे गाण्याआधी श्रोत्यांना हसत सांगितले की हे गाणे एका मुलीने माझ्याकडून पळवले आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले.

‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे बोलणारा बदललेला नाही. बॉब डिलन यांचे मूळ गाणे डिसेंबर 1967 मध्ये प्रसिद्ध झाले: अकूस्टिक गिटार, बेस, ड्रम आणि माउथ ऑर्गन, जेमतेम अडीच मिनिटे. जिमी हेंड्रिक्स यांनी लंडनमधल्या ऑलिंपिक स्टुडिओत त्यावर काम सुरू केले ते जानेवारी 1968 मध्ये, म्हणजे मूळ गाणे बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता. संयोजकाच्या नजरेने या गाण्याची अडचण पाहा. तीन स्वरसंगती खाली उतरतात, परत वर येतात, आणि शेवटपर्यंत तेवढेच चालू राहते. मुखडा नाही, वळण नाही. डिलन यांनी गाणे आखूड ठेवून ही अडचण टाळली. हेंड्रिक्स यांनी ते चार मिनिटांवर नेले आणि स्वरसंगतीला हात न लावता आवाजाची जात बदलत ठेवली. दुसऱ्या कडव्यानंतरचा गिटारचा मोठा तुकडा सावकाश ऐका. त्याचे चार भाग आहेत: पहिल्यात साधी, गाणारी गिटार, दुसऱ्यात तारांवरून कठीण वस्तू घसरवून काढलेला, प्रतिध्वनीत भिजलेला आवाज, तिसऱ्यात पायाने चालवायच्या वा-वा पेडलचा बोलका सूर, आणि चौथ्यात सुटे स्वर सोडून थेट स्वरसंगतीचे झपाटलेले छेडणे. एकाच ठेक्यावर चार वेगळी माणसे बोलून गेल्यासारखे वाटते. डिलन यांच्या शब्दांत शेवटी दूरवर वादळाची चाहूल लागते आणि गाणे तिथेच थांबते. हेंड्रिक्स यांनी ते वादळ आधीच वाद्यात भरून ठेवलेले असल्यामुळे शेवटची ओळ आली की ऐकणाऱ्याला ती खरी वाटते.

1974 पासून डिलन स्वतः हे गाणे रंगमंचावर हेंड्रिक्स यांच्या धाटणीने वाजवू लागले. त्यांनी ते आजवर 2,000 हून अधिक वेळा सादर केले आहे, दुसऱ्या कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त. रचनाकारानेच दुसऱ्याची मांडणी स्वीकारावी, याहून मोठी पावती संयोजनाला मिळत नाही.

आता ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’. येथे ‘मूळ गाणे कमी माहीत होते’ हे विधान थोडे जपून करायला हवे. डॉली पार्टन यांनी ते 1973 मध्ये, आपले सहगायक आणि मार्गदर्शक पोर्टर वॅगनर यांच्यापासून व्यावसायिक फारकत घेताना लिहिले, आणि 1974 मध्ये ते कंट्री संगीताच्या यादीत पहिले आले. 1982 मध्ये त्यांनीच पुन्हा गायले, तेव्हा पुन्हा पहिले आले. त्या संगीताच्या श्रोत्यांना ते घरचे गाणे होते. जगाला ते कळले 1992 मध्ये ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टन यांनी गायल्यावर, आणि ते अमेरिकेच्या यादीत सलग 14 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

पार्टन यांचे गाणे समजुतीच्या स्वरात आहे. त्यातले शेवटचे कडवे तर त्या गात नाहीत, बोलतात. ह्यूस्टन यांच्या गाण्यात पहिले जवळजवळ पाऊण मिनिट एकही वाद्य नाही. चित्रपटाचे नायक केव्हिन कॉस्टनर यांनी वाद्यांविना सुरुवातीचा आग्रह धरला, आणि त्याबद्दल ध्वनिमुद्रण कंपनीतल्या मंडळींना धाकधूक होती, कारण रेडिओवर पाऊण मिनिट नुसता आवाज म्हणजे श्रोता दुसरीकडे वळण्याची भीती. संयोजक डेव्हिड फॉस्टर यांनी पुढची बांधणी त्या शांततेवरच केली: वाद्ये हळूहळू भरत जातात, मग शेवटच्या मुखड्याआधी सगळे थांबते, एक श्वास मोकळा जातो, ड्रमचा एकच आघात होतो आणि गाणे एक पूर्ण स्वर वर चढते. या जागेची नक्कल मी असंख्य वेळा ऐकली आहे आणि बहुतेक नकला एकाच ठिकाणी फसतात: गायिका वरची पट्टी गाठू शकते, पण आधीची शांतता सांभाळू शकत नाही. सुरुवातीलाच तिने सगळे खर्चून टाकलेले असते, त्यामुळे आघाताला टेकायला खाली काही उरत नाही.

‘हालेलुया’ हे उदाहरण संपादनाचे आहे, आणि मला ते सर्वांत शिकण्यासारखे वाटते. लेनर्ड कोहेन यांनी अनेक वर्षे घालवून त्याची कितीतरी कडवी लिहिली आणि त्यांतली थोडी 1984 च्या ‘व्हेरियस पोझिशन्स’ या अल्बममध्ये गायली. तो अल्बम अमेरिकेत काढायलाच त्यांच्या कंपनीने नकार दिला होता. त्या ध्वनिमुद्रणात त्या दशकाचा सिंथेसायझर आहे, मुखड्याला मोठा समूहस्वर आहे, आणि कोहेन यांचा खोल आवाज त्यात एखाद्या प्रवचनकारासारखा वाटतो. 1991 मध्ये कोहेन यांना मानवंदना म्हणून निघालेल्या एका संग्रहासाठी जॉन केल यांनी कडवी मागवली, तेव्हा त्यांच्याच सांगण्यानुसार फॅक्सवर पंधरा पाने आली. त्यांतून केल यांनी आपल्याला हवी ती निवडली, धार्मिक संदर्भांची थोडी मागे ठेवली, देहाशी आणि ताटातुटीशी संबंधित असलेली पुढे आणली, आणि फक्त पियानोवर गायले. जेफ बक्ली यांनी 1994 च्या ‘ग्रेस’ या अल्बमसाठी गाताना पाया धरला तो केल यांच्या मांडणीचा. पियानोच्या जागी एकटी इलेक्ट्रिक गिटार आली. आज जगभर जे गायले जाते ते बहुतांशी केल यांनी निवडलेले आणि बक्ली यांनी लोकांच्या कानांत बसवलेले गाणे आहे. यश मात्र सावकाश आले. बक्ली 1997 मध्ये गेले. 2001 मध्ये ‘श्रेक’ या ॲनिमेशनपटामुळे हे गाणे नव्या पिढीकडे पोहोचले, आणि 2008 च्या नाताळात ब्रिटनच्या यादीत अलेक्झांड्रा बर्क यांचे ‘हालेलुया’ पहिल्या आणि बक्ली यांचे दुसऱ्या क्रमांकावर होते. गाणे लिहून झाल्यावर जवळजवळ पाव शतकाने!

म्हणून कव्हर करताना ‘मूळ गाणे’ कशाला म्हणायचे हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही. बक्ली यांच्या दृष्टीने मूळ गाणे केल यांचे होते. ‘किलिंग मी सॉफ्टली’ आधी 1972 मध्ये लोरी लीबरमन यांनी गायले. रॉबर्टा फ्लॅक यांनी ते विमानप्रवासात ऐकले आणि 1973 मध्ये आपले करून टाकले. 1996 मध्ये फ्युजीज या समूहाने ते पुन्हा गायले तेव्हा त्यांच्या तरुण श्रोत्यांना फ्लॅक हे नावही नवे होते. ‘टॉर्न’ हे गाणे 1997 मध्ये नॅटली इंब्रुलिया यांच्या आवाजात गाजले, त्याआधी ते गीतकारांच्याच एडनास्वॅप या बँडने गायले होते, आणि त्याहीआधी 1993 मध्ये लिस सॉरेन्सेन यांनी डॅनिश भाषेत. अशा साखळीत पहिला कोण हे शोधणे रंजक असते, पण त्यातून गाणे का चालले हे कळत नाही.

गायकाचे वय हा घटकही लोक विसरतात. ‘हर्ट’ हे गाणे नाइन इंच नेल्स या बँडसाठी ट्रेंट रेझनर यांनी लिहिले तेव्हा ते तिशीच्या आत होते. 1994 च्या त्या ध्वनिमुद्रणात गिटारमध्ये मुद्दाम ठेवलेला एक विसंवादी, टोचणारा स्वर आहे आणि शेवटी सगळे कर्कश गोंगाटात बुडते. 2002 मध्ये सत्तर वर्षांच्या जॉनी कॅश यांनी निर्माते रिक रुबिन यांच्यासोबत ते गायले. टोचणारा स्वर काढून टाकला, गिटार साधी केली, एक अपशब्द बदलून तिथे काटेरी मुकुटाचा उल्लेख आणला आणि पियानोवर एकच स्वर घणासारखा वाढवत नेला. तरुणाच्या तोंडी जी स्वतःच्या नाशाची भाषा होती ती म्हाताऱ्याच्या तोंडी आयुष्याचा हिशेब झाली. कॅश यांचा आवाज अनेक ठिकाणी थरथरतो, काही ठिकाणी स्वर पुरता लागतही नाही. आजच्या सॉफ्टवेअरने तो सरळ करायला दोन मिनिटे लागतील, आणि केला तर गाणे तिथेच संपेल. रेझनर यांनी पुढे म्हटले की हे गाणे आता माझे राहिलेले नाही.

मूळ ध्वनिमुद्रणातच खोट असण्याची उदाहरणेही आहेत, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. ‘ट्विस्ट अँड शाउट’ 1961 मध्ये टॉप नोट्स यांनी गायले, निर्माता फिल स्पेक्टर. सहगीतकार बर्ट बर्न्स यांना ती मांडणी अजिबात पसंत पडली नाही. त्यांनी पुढच्याच वर्षी आइस्ली ब्रदर्सकडून ते स्वतःच्या देखरेखीखाली गाऊन घेतले आणि तेव्हा कुठे गाण्याला त्याचा ठेका सापडला. 11 फेब्रुवारी 1963 रोजी बीटल्सनी आपल्या पहिल्या अल्बमची दहा गाणी एका दिवसात ध्वनिमुद्रित केली, त्यांत हे मुद्दाम सर्वांत शेवटी ठेवले होते, कारण जॉन लेनन यांना सर्दी झाली होती आणि हे गाणे घसा फाडून टाकणार हे सगळ्यांना ठाऊक होते. पहिलाच टेक, म्हणजे पहिल्याच प्रयत्नातले ध्वनिमुद्रण, घेतला गेला. दुसऱ्यासाठी आवाज उरला नाही.

लय बदलण्याचे उदाहरण हवे असेल तर ‘टेंटेड लव्ह’ घ्या. 1965 मध्ये ग्लोरिया जोन्स यांनी ते वेगवान, नाचण्याजोगे गायले होते. 1981 मध्ये सॉफ्ट सेल या जोडीने ते संथ केले, पट्टी खाली आणली आणि भरगच्च वाद्यमेळाऐवजी सिंथेसायझरचे दोन कोरडे ठोके ठेवले. मूळ गाण्यातला राग तिथे थंड किळस होऊन येतो. त्यांच्या चुकीचीही नोंद ठेवा: तबकडीच्या दुसऱ्या बाजूलाही त्यांनी दुसऱ्या कोणाचेच गाणे ठेवले, त्यामुळे लाखो प्रती खपूनही गीतकार म्हणून मिळणारे मानधन त्यांच्या हाती लागले नाही.

आता अप्रिय भाग. ‘कव्हर’ हा शब्द रूढ झाला त्या काळात, 1950 च्या दशकात, अमेरिकेत कृष्णवर्णीय गायकांची चालू लागलेली गाणी श्वेतवर्णीय गायकांकडून लगबगीने गाऊन घेऊन मोठ्या बाजारात आणण्याची सर्रास पद्धत होती. 1955 मध्ये फॅट्स डॉमिनो यांचे ‘एन्ट दॅट अ शेम’ सर्वसाधारण यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, तर पॅट बून यांचे पहिल्यावर. येथे नव्या मांडणीने गाण्यातले काही नवे उलगडले असे मी म्हणू शकत नाही. दुकानात आणि रेडिओवर कोणाला जागा होती एवढाच तो प्रश्न होता. आज मात्र बून यांची आवृत्ती अभ्यासकच ऐकतात आणि डॉमिनो यांची सगळे ऐकतात. काळाने निकाल फिरवला, कारण ज्या कव्हरमध्ये गाणे गुळगुळीत करण्याखेरीज दुसरे काही केलेले नसते ते बाजाराचा आधार गेला की कोसळते.

‘हाउंड डॉग’ मात्र माझ्या सिद्धान्ताला छेद देते, हे कबूल करतो. लायबर आणि स्टोलर या तरुण जोडीने ते बिग मामा थॉर्नटन यांच्यासाठी लिहिले: एक बाई तिच्या जिवावर जगणाऱ्या ऐतखाऊ पुरुषाला घराबाहेर काढते आहे. 1953 मध्ये ते रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत सात आठवडे पहिले होते. एल्विस प्रेस्ली यांनी 1956 मध्ये गायले ते एका दुसऱ्या बँडच्या विनोदी आवृत्तीवरून, ज्यात ऐतखाऊ पुरुष जाऊन खराखुरा कुत्रा आला होता आणि त्याला ससा पकडता येत नव्हता. शब्दांचा अर्थ पार गेला, लायबर यांना ते आवडले नाही, आणि तरीही गाणे जगभर गेले. डी. जे. फोंटाना यांच्या ड्रमचा मशीनगनसारखा तुकडा आणि प्रेस्ली यांचा आवेश यांनी अर्थाची जागा भरून काढली. म्हणजे अर्थ हरवूनही गाणे पुढे जाऊ शकते. मात्र ज्या बाईचे ते गाणे होते तिच्या वाट्याला त्या यशातले जवळजवळ काहीच आले नाही.

याहून बोचरे उदाहरण जोहान्सबर्गचे आहे. 1939 मध्ये सॉलोमन लिंडा आणि त्यांच्या इव्हनिंग बर्ड्स या गायकसमूहाने ‘म्बुबे’, म्हणजे सिंह, हे गाणे ध्वनिमुद्रित केले. तीन टेक झाले. तिसऱ्यात, खालचे आवाज एकच ओळ घोळवत असताना, लिंडा यांनी वरच्या पातळ आवाजात आयत्या वेळी एक सुरावट सोडून दिली. काही क्षणांची ती जागा आधी ठरलेली नव्हती. 1961 मध्ये टोकन्स या अमेरिकी समूहाने ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ गायले, त्याची मुख्य चाल म्हणजे हीच उत्स्फूर्त सुरावट, इंग्रजी शब्द घालून. मधल्या काळात पीट सीगर यांच्या वीव्हर्स या समूहाने ते ‘विमोवे’ म्हणून गायले होते, कारण तबकडीवरचा झुलू शब्द त्यांना तसा ऐकू आला. लिंडा यांनी हक्क दहा शिलिंगांना विकले होते आणि 1962 मध्ये ते गरिबीतच वारले. 1911 च्या ब्रिटिश कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी हक्क वारसांकडे परत जाण्याची तरतूद होती. तिच्या आधारे कुटुंबाने दावा केला आणि 2006 मध्ये तडजोड झाली. त्या गाण्याच्या बाबतीत चांगल्या मांडणीबद्दल बोलताना मला नेहमी थोडे अवघडल्यासारखे होते, कारण सर्वांत सुंदर जागा मुळातच आहे, तिसऱ्या टेकच्या शेवटाकडे.

पैशाचा विषय निघालाच आहे तर एवढे लक्षात ठेवावे. अमेरिकेत 1909 च्या कायद्याने अशी सोय केली की एकदा हक्कदाराच्या संमतीने गाणे ध्वनिमुद्रित झाले की दुसरा कोणीही ठरलेला दर भरून ते ध्वनिमुद्रित करू शकतो. त्या वेळी आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी गुंडाळ्यांचा व्यापार जोरात होता आणि एकाच कंपनीची मक्तेदारी होईल अशी भीती होती, त्यातून ही तरतूद आली. दर होता प्रतीमागे दोन सेंट, आणि तो 1977 च्या अखेरपर्यंत तसाच राहिला. आपल्या शैलीत मांडणी करण्याची मुभा त्यात आहे, पण मूळ चाल किंवा गाण्याचा मूलभूत स्वभाव बदलण्याची नाही. शब्द बदलायचे किंवा भाषांतर करायचे तर वेगळी परवानगी लागते, आणि चित्रफितीसोबत गाणे वापरण्याचा हक्क त्यात येत नाही. दुसरी गोष्ट, अमेरिकेतला पारंपरिक रेडिओ गाणे वाजवल्याबद्दल गीतकार आणि प्रकाशक यांना मोबदला देतो, गायकाला देत नाही. फ्रँकलिन यांचे ‘रिस्पेक्ट’ तिथे वाजते तेव्हा पैसे रेडिंग यांच्या बाजूला जातात. ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ एल्विस यांनाही गायचे होते, तेव्हा त्यांच्या व्यवस्थापकाने पार्टन यांच्याकडे प्रकाशनाच्या हक्काचा अर्धा वाटा मागितला होता आणि त्यांनी तो रडत रडत नाकारला, त्याचे महत्त्व 1992 नंतर कळले. इतर देशांतले नियम वेगळे आहेत, तेव्हा गाणे कुठे प्रसिद्ध करणार ते आधी ठरवून तिथला परवाना काढावा, आणि काम सुरू करण्यापूर्वी काढावा.

शेवटी तुमच्या गाण्याबद्दल. मी पाळतो ती पद्धत सांगतो. पहिले काही दिवस मूळ ध्वनिमुद्रण ऐकणे पूर्णपणे बंद करतो आणि नुसती चाल पियानोवर एका बोटाने वाजवून पाहतो. असे केले की मूळ वाद्यमेळाचा दाब जातो आणि चाल स्वतः कुठे वळू पाहते ते दिसते. मग शब्द कागदावर लिहून काढून शेजारी एकच टिपण करतो: हे कोण, कोणाला, किती अंतरावरून म्हणत आहे. गायकाचे वय, लिंग किंवा आवाजाचा पोत यामुळे या टिपणातले एखादे उत्तर मूळ गाण्यापेक्षा वेगळे येत नसेल, तर ते कव्हर करू नये असे मी गायकाला स्पष्ट सांगतो. बरेच जण रागावतात.

लय बदलताना सावध राहावे. एकदा एक जलद गाणे आम्ही निम्म्या वेगावर आणले आणि पहिल्या दोन ओळी ऐकून खोलीतले सगळे खूश झाले. तिसऱ्या ओळीपासून घोळ सुरू झाला, कारण जलद चालीत जे छोटे स्वर अक्षरांमागे झाकले जात होते ते आता उघडे पडले, आणि शब्दांचे शेवट व्यंजनांवर असल्यामुळे लांबवायला स्वरच उरेना. गायिका प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास संपल्यासारखी थांबत होती. संध्याकाळपर्यंत झगडून आम्ही लय थोडी वाढवली, पट्टी दोन स्वर खाली आणली, चालीतल्या तीन हरकती काढून टाकल्या आणि ओळींमधल्या रिकाम्या जागा गिटारला दिल्या. तेव्हा ते गाणे बोलू लागले. म्हणून लय ठरवण्यासाठी दोन ओळींवर विसंबू नका, पूर्ण गाणे साध्या डमी, म्हणजे तात्पुरत्या आवाजात त्या लयीत गाऊन पाहा.

मुळातली एखादी ओळखीची जागा, विशेषतः सुरुवातीचे संगीत, काढायची असेल तर तिच्या ठिकाणी काय येणार हे आधी तयार हवे. मी एकदा ऐन उमेदीत एका गाण्याचे सुप्रसिद्ध आरंभसंगीत काढून स्वतःचे घातले. ते वाईट नव्हते, पण मूळ गाण्याची सगळी उत्सुकता त्या आठ मात्रांत होती आणि माझ्या आठ मात्रांत नव्हती. ऐकणारे मुखडा येईपर्यंत तेच गाणे आहे हे ओळखायचे नाहीत, आणि ओळखल्यावर त्यांना चुकल्यासारखे वाटायचे. काढायचेच होते तर तिथे काहीच न ठेवता आवाजानेच सुरुवात करायला हवी होती.

सगळे झाल्यावर, मिक्सिंगच्या, म्हणजे सगळे आवाज आणि वाद्ये एकत्र जुळवण्याच्या, आदल्या दिवशी, मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा एकदा शांतपणे ऐका. तोपर्यंत तुमच्या मांडणीत नकळत शिरलेली त्याची एखादी सवय, बहुतेक वेळा ड्रमच्या भरावाची किंवा ओळ संपवण्याच्या पद्धतीची, तुम्हाला तिथे सापडेल. ती ठेवायची की काढायची हे त्याच दिवशी ठरवून टाका, कारण मिक्सिंगला बसल्यावर तिची सवय होते आणि मग ती कानाला खटकत नाही.